पाणी गोठताना फुगतं: घरी करायच्या एका साध्या प्रयोगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोग नेमका काय आहे?

सरळ उभ्या बाजूंच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या भांड्यात निम्म्यापेक्षा थोडं जास्त पाणी घ्या. ते सपाट जागेवर ठेवून पाण्याच्या पातळीवर मार्करनं बाहेरून रेघ मारा. भांडं फ्रीझरमध्ये न हलवता रात्रभर ठेवा. सकाळी बर्फाचा पृष्ठभाग त्या रेघेच्या वर गेलेला दिसेल. आता तिथे दुसरी रेघ मारा. दोन रेघांमधलं अंतर पट्टीनं मोजा आणि वहीत लिहा.

एवढंच. पण रेघ आणि वही या दोन गोष्टी गाळू नका, ही कळकळीची विनंती. पुष्कळ जण नुसतंच पाणी गोठवतात, ‘फुगलं बरं का’ म्हणतात आणि विसरून जातात. फुगलं हे ठाऊकच असतं. किती फुगलं, हे स्वतः मोजलं की पुढचे सगळे प्रश्न आपोआप सुचायला लागतात.

भांडं कोणतं घ्यावं?

उंच, अरुंद आणि वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचं. वर पसरट होत जाणारा पेला घेतला तर वाढलेलं आकारमान रुंद भागात पसरतं, पातळी कमी चढते आणि हिशोब जुळत नाही. पहिल्यांदा मी असाच पेला घेतला होता. रेघा जेमतेम पाच मिलिमीटरच्या अंतरावर आल्या, तेव्हा वाटलं की पुस्तकातला आकडाच चुकीचा असावा. चूक पेल्याच्या आकारात होती.

माझ्या मते सर्वांत चांगलं साधन म्हणजे सुई नसलेली २० मिलिलीटरची नवी सिरिंज. तिच्यावर मोजमापाच्या खुणा आधीच असतात. १० मिलिलीटर पाणी ओढून घ्या, टोक वर धरून टिचक्या मारत आतली हवा पूर्ण बाहेर काढा आणि टोक खेळण्यातल्या मातीनं घट्ट बंद करा. मग ती फ्रीझरमध्ये उभी ठेवा. पाणी गोठताना दट्ट्या स्वतःहून मागे सरकतो आणि जवळपास ११ च्या खुणेपाशी येतो. हवेचा बुडबुडा मात्र राहू देऊ नका. बर्फाच्या दाबानं तोच आधी दबतो आणि दट्ट्या कमी सरकतो.

काचेची बाटली चालेल का? झाकण लावू का?

दोन्हींचं उत्तर नाही.

काच ताणली जात नाही, ती तडकते. बाटली उघडी असली तरी धोका टळत नाही, कारण निमुळत्या मानेत पाणी आधी गोठून स्वतःच बूच बनतं. असे तुकडे मी स्वतः फ्रीझरमधून वेचले आहेत. ते बर्फात अडकलेले असतात आणि बर्फाइतकेच पारदर्शक असल्यानं दिसत नाहीत. लहान मुलांच्या हाताला लागले तर फार वाईट. सोड्याच्या किंवा कुठल्याही फसफसणाऱ्या पेयाच्या बंद बाटल्या आणि डबेही या प्रयोगात आणू नका. त्यांत वायूचा दाब मुळातच असतो.

किती वाढ दिसायला हवी?

आकारमानात सुमारे ९ टक्के. शून्य अंश सेल्सिअसला एक घन सेंटिमीटर पाण्याचं वस्तुमान ०.९९९८ ग्रॅम असतं, तर तेवढ्याच बर्फाचं सुमारे ०.९१७ ग्रॅम. म्हणजे १०० मिलिलीटर पाण्याचा जवळपास १०९ मिलिलीटर बर्फ होतो. सरळ बाजूंच्या भांड्यात पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल, तर बर्फ साधारण ९ मिलिमीटरनं वर यायला हवा.

हाच प्रयोग पाणी भरलेल्या फुग्यावर केला तर वाढ दिसतच नाही, अशी तक्रार बरेच जण करतात. वाढ तिथेही तेवढीच असते, पण ती लांबी, रुंदी आणि उंची अशी तिन्ही दिशांना विभागली जाते. आकारमान ९ टक्क्यांनी वाढलं की फुग्याचा घेर फक्त ३ टक्क्यांच्या आसपास वाढतो. ३० सेंटिमीटर घेर असेल तर ९ मिलिमीटर. दोऱ्यानं नीट मोजलं तर कळतं, नुसत्या नजरेला कळत नाही.

माझं उत्तर ९ टक्के आलं नाही. प्रयोग चुकला का?

बहुतेक नाही. ६ ते १० टक्क्यांच्या मधलं काहीही आलं तर घरच्या साधनांच्या मानानं ते चांगलंच म्हणायचं. फरक का पडला हे शोधणं हाच खरं तर प्रयोगाचा दुसरा भाग आहे. पातळ प्लॅस्टिकच्या भिंती बाहेर ढकलल्या जातात आणि वाढीचा काही भाग त्यात खर्च होतो. भांडं फ्रीझरमध्ये तिरकं ठेवलेलं असू शकतं. बर्फाचा पृष्ठभाग मधोमध उंच आणि कडेला खाली असतो, त्यामुळे कुठली पातळी धरायची यावरही उत्तर बदलतं. अशा वेळी कडेची आणि मधली उंची मोजून सरासरी काढा.

भांडं चार-आठ दिवस फ्रीझरमध्येच राहून गेलं असेल तर आणखी एक गोष्ट घडते. आपोआप हिम काढणाऱ्या फ्रीझरमधली हवा कोरडी असते आणि त्या हवेत बर्फ न वितळता थेट वाफ होऊन हळूहळू उडून जातो. मोजमाप दुसऱ्याच दिवशी करावं ते यासाठी.

मधोमध उंचवटा का येतो? माझ्या बर्फाला तर चक्क काटा आला!

भांड्याच्या कडा आणि वरचा थर आधी गोठतात. आतलं पाणी शेवटी गोठतं आणि तोवर त्याला पसरायला बाजूला जागाच उरलेली नसते. मग ते वरच्या, अजून कच्च्या थराला मधोमध उचलतं.

काटा आला असेल तर तुमचं नशीब थोर. त्याचा फोटो काढून ठेवा. पृष्ठभाग कडेकडून आत गोठत येतो आणि कधीकधी मध्ये एक बारीक भोक उरतं. खालून दाबलं गेलेलं पाणी त्या भोकातून वर येतं, भोकाच्या काठावर गोठतं, पुन्हा थोडं पाणी वर येतं, तेही काठावर गोठतं. असं करत एक पोकळ नळी उभी राहते आणि शेवटी टोकाशी बंद होते. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी आणि बर्फाचा साधा ट्रे घेतला तर असे काटे जास्त वेळा मिळतात. पाणी गोठताना जागा मागतं, याचा यापेक्षा देखणा पुरावा मला माहीत नाही.

पण पाणी फुगतं कशामुळे?

पाण्याचा प्रत्येक रेणू म्हणजे ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू. एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. द्रव पाण्यात हे बंध सतत जुळत आणि तुटत असतात. रेणू एकमेकांवरून घसरतात, मध्ये फट दिसली की तिच्यात शिरतात, दाटी करून राहतात.

तापमान उतरलं की रेणूंची धावपळ मंदावते आणि बंध टिकायला लागतात. बर्फात प्रत्येक रेणू नेमक्या चार शेजाऱ्यांना धरून राहतो. हे चार शेजारी चौफलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या, चार कोपऱ्यांवर असतात. अशा जोडणीतून सहा-सहा रेणूंची कडी तयार होतात आणि कड्यांच्या मध्ये पोकळ जागा राहते. त्या पोकळीत शिरायला आता कुणी मोकळं नसतं. रेणू तेवढेच, मात्र त्यांनी व्यापलेली जागा जास्त. हिमकणांचा सहा बाजूंचा आकारही याच षटकोनी रचनेतून येतो.

मुलांना हे समजवायचं असेल तर खेळण्यातल्या मातीच्या पंधरा-वीस गोळ्या आणि काड्यापेटीतल्या गुल काढून टाकलेल्या काड्या घ्या. प्रत्येक गोळीला चार दिशांना चार काड्या खोचून शक्य तेवढा सांगाडा उभा करा. तो कुठल्या डब्यात मावतो ते पाहा. नंतर काड्या काढून त्याच गोळ्या डब्यात टाका. गोळ्या तळाशी गोळा होतील. या खेळात फरक खऱ्यापेक्षा खूपच मोठा दिसतो, कारण खरी वाढ फक्त ९ टक्के आहे, हे मुलांना जरूर सांगा. तरी ‘रेणू फुगत नाहीत, त्यांच्यातली जागा वाढते’ हा मुद्दा डोक्यात पक्का बसतो. बर्फाचा रेणूच मोठा होतो असं समजणारी मोठी माणसंही मला भेटली आहेत.

४ अंशांचं प्रकरण काय आहे?

शाळेच्या पुस्तकात याला पाण्याचं असंगत आचरण म्हणतात. खोलीच्या तापमानाचं पाणी थंड करत नेलं की इतर द्रवांसारखं तेही आकुंचन पावतं, पण फक्त ४ अंश सेल्सिअसपर्यंत. त्याखाली ते उलट प्रसरण पावू लागतं. म्हणून पाण्याची घनता ४ अंशांना सर्वांत जास्त असते. थॉमस चार्ल्स होप या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं यावरचा आपला प्रयोग १८०५ मध्ये प्रसिद्ध केला. उभ्या नळकांड्यातल्या पाण्याला मधोमध थंडावा द्यायचा आणि वर व खाली असे दोन तापमापक लावायचे, अशी त्याची मांडणी. खालचा तापमापक ४ अंशांवर येऊन थांबतो, वरचा मात्र पुढे शून्यापर्यंत उतरतो.

आपल्या रेघेच्या प्रयोगात हे दिसणार नाही. २० अंशांवरून ४ अंशांपर्यंत येताना १०० मिलिलीटर पाणी फक्त ०.२ मिलिलीटरनं घटतं. तेवढं मार्करच्या रेघेच्या जाडीतच हरवतं.

गोठल्यावर वजन वाढतं का?

नाही. फ्रीझरमध्ये ठेवण्याआधी आणि नंतर काट्यावर ठेवून पाहा. सकाळी दोन-चार ग्रॅम जास्त भरले तर भांड्याच्या बाहेरच्या बाजूला हात लावा. थंड भांड्यावर हवेतली वाफ जमून दव धरतं. फडक्यानं कोरडं पुसून लगेच वजन करा, आकडा जुळेल. आकारमान वाढलं आणि वस्तुमान तेच राहिलं, म्हणजे घनता कमी झाली. हा शब्द पाठ करायला लावण्यापेक्षा या दोन मोजमापांतून मुलांना तो सापडू द्यावा.

बर्फ वितळला की पाणी पुन्हा पहिल्या रेघेवर येतं?

येतं, आणि हे पाहायला जरूर थांबा. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत वाट पाहिली तर पातळी पहिल्या रेघेशी पुन्हा जुळते. प्रयोगाचा हा अर्धा भाग बहुतेक जण सोडून देतात. मला तो पहिल्या अर्ध्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण काही वाढलं नाही आणि काही हरवलं नाही, हे इथे डोळ्यांसमोर सिद्ध होतं.

काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फ तरंगत असेल, तर तो वितळल्यावर पाणी सांडेल का?

सांडणार नाही. आपले १०९ मिलिलीटर इथे पुन्हा कामाला येतात. १०० ग्रॅम पाण्याचा १०९ मिलिलीटर बर्फ झाला. तो पाण्यात तरंगताना आपल्या वजनाइतकं, म्हणजे १०० ग्रॅम पाणी बाजूला सारतो. आर्किमिडीजचं तत्त्व ते हेच. म्हणजे १०० मिलिलीटर भाग पाण्याखाली असतो आणि ९ मिलिलीटर वर. वितळल्यावर तो पुन्हा १०० मिलिलीटर होतो आणि बुडालेल्या भागानं केलेल्या जागेत तंतोतंत मावतो.

दुसऱ्या शब्दांत, तरंगत्या बर्फाचं पाण्याबाहेर दिसणारं टोक म्हणजे तुमच्या दोन रेघांमधलंच अंतर. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पेल्यातल्या बर्फाकडे कितीतरी वेळ बघत बसलो होतो. समुद्राच्या पाण्याची घनता जरा जास्त असल्यानं हिमनगाचा थोडा अधिक भाग, साधारण दहावा हिस्सा, वर राहतो.

बर्फ तरंगतो हे माहीत आहे. यात आणखी काही करून पाहता येईल?

एका पेल्यात पाण्याऐवजी खाद्यतेल घ्या आणि त्यात बर्फाचा खडा सोडा. बहुतेक खाद्यतेलांची घनता ०.९१ ते ०.९२ च्या आसपास असते, म्हणजे बर्फाच्या अगदी जवळची. खडा जेमतेम तरंगतो, कधी मध्येच रेंगाळतो, कधी हळूहळू बुडतो. बर्फात हवेचे बुडबुडे किती आहेत यावरही ते ठरतं. खरी मजा नंतर आहे. वितळलेल्या पाण्याचे थेंब बर्फापासून सुटतात आणि तेलातून सावकाश तळाशी जातात. तोच पदार्थ घन असताना वर राहतो आणि द्रव झाल्यावर बुडतो. इतर बहुतेक पदार्थांचं नेमकं उलट असतं.

इतर पदार्थ गोठताना काय होतं?

बहुतेक पदार्थ आकसतात. मोठ्यांच्या मदतीनं वितळवलेलं मेण छोट्या वाटीत गार होऊ द्या. मधोमध खड्डा पडेल. पाण्याच्या उंचवट्याशेजारी मेणाचा हा खळगा ठेवला की दोन्ही गोष्टी एका नजरेत कळतात, म्हणून तुलनेचा हा प्रयोग जोडीला करावाच.

पाणी मात्र एकटं नाही. बिस्मथ आणि गॅलियम हे धातू, तसंच सिलिकॉन आणि जर्मेनियम हेही घट्ट होताना प्रसरण पावतात. बिस्मथ आणि गॅलियममधली वाढ ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षा बरीच कमी आहे.

मिठाचं पाणी घेतलं तर?

ते शून्याखाली गोठतं. मीठ जितकं जास्त, तितकं आणखी खाली. शक्य तेवढं मीठ विरघळवलेलं पाणी सुमारे उणे २१ अंशांपर्यंत पूर्ण घट्ट होत नाही आणि घरचा फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर असतो. म्हणून असं पाणी सकाळीही द्रवच सापडेल. कमी मीठ असेल तर मऊ, भुसभुशीत बर्फ मिळेल. बर्फाची रचना मिठाला आत घेत नाही, त्यामुळे ते उरलेल्या पाण्यात दाटत जातं. मोजमापासाठी साधं पाणीच बरं.

पाणी गोठायला इतका वेळ का लागतो?

कारण गोठताना ते खूप उष्णता बाहेर टाकतं. १०० ग्रॅम पाणी २५ अंशांवरून शून्यावर आणायला २,५०० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. शून्य अंशांच्या त्याच पाण्याचा शून्य अंशांचा बर्फ करायला आणखी ८,००० कॅलरी. तीन-चार तासांत वरून घट्ट दिसलेला बर्फ आत ओलाच असू शकतो. म्हणून रात्रभर ठेवायचं.

फ्रीझरमधून काढलं तेव्हा पाणीच होतं, हात लावताच गोठलं. हे काय?

अतिशीत पाणी. स्वच्छ पाणी अजिबात न हलता थंड होत गेलं तर शून्याखाली काही अंशांपर्यंत द्रव राहू शकतं. बर्फाची पहिली ठिणगी पडायला त्याला एखादा धुळीचा कण, ओरखडा किंवा धक्का लागतो. तो मिळाला की क्षणात बर्फाची जाळी पसरते. मात्र सगळं पाणी एकदम गोठत नाही, कारण बाहेर पडलेल्या उष्णतेनं ते पुन्हा शून्य अंशांवर येतं. रेघेच्या प्रयोगासाठी ते परत फ्रीझरमध्ये ठेवा.

बर्फ मधोमध पांढरा का दिसतो? फुगण्याचं कारण हे बुडबुडेच तर नाहीत?

पाण्यात विरघळलेली हवा बर्फाच्या रचनेत मावत नाही. बाहेरून आत गोठत जाताना ती मध्यभागी ढकलली जाते आणि बारीक बुडबुड्यांच्या रूपात अडकते. शंका रास्त आहे आणि तपासता येण्याजोगी आहे. पाणी चांगलं उकळून, झाकून, गार करून तोच प्रयोग पुन्हा करा. बरीचशी हवा निघून गेल्यानं बर्फ जास्त नितळ होतो, तरी रेघेवरची वाढ जवळपास तेवढीच राहते. फुगणं बुडबुड्यांमुळे नाही हे त्यावरून सिद्ध होतं.

भांडं खूप मजबूत असेल आणि पूर्ण बंद असेल तर पाणी गोठणारच नाही का?

फार सुंदर प्रश्न आहे हा. दाब वाढला की पाण्याचा गोठणबिंदू खाली सरकतो. न ताणल्या जाणाऱ्या बंद भांड्यात थोडा बर्फ झाला की दाब चढतो आणि उरलेलं पाणी द्रव राहतं. आणखी थंड केलं की आणखी थोडा बर्फ, आणखी दाब. उणे २२ अंशांपर्यंत पाणी असं द्रव ठेवायचं तर सुमारे २,००० वातावरणांइतका दाब सोसणारं भांडं लागेल. घरातलं कुठलंच भांडं त्याच्या जवळपासही जात नाही, म्हणून शेवटी भांडंच फुटतं. फ्लॉरेन्समध्ये १६५७ मध्ये सुरू झालेल्या ‘अकादेमिया देल चिमेंतो’ या संस्थेतल्या अभ्यासकांनी बंद धातूच्या गोळ्यांत पाणी गोठवून ते गोळे फोडून दाखवले होते. हे घरी करायचं नाही.

नळ फुटतात, खडक फुटतात, ते यामुळेच?

हो. खडकाच्या भेगेत शिरलेलं पाणी गोठतं, भेग रुंदावतं, वितळतं, आणखी खोल शिरतं. असं वर्षानुवर्षं चाललं की खडक दुभंगतो. नळाची गोष्ट थोडी वेगळी आहे. पाइप बर्फ जमलेल्या जागीच फुटतो असं नाही. बर्फाचं बूच वाढत जातं आणि ते व बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो. पाइप तिथे फुटतो. म्हणून कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशांत नळ थोडा ठिबकत ठेवतात.

तळ्याच्या बाबतीत हाच गुण जीव वाचवतो. बर्फ वर तरंगतो आणि खालच्या पाण्याला पांघरूण घालतो. ४ अंशांचं जड पाणी तळाशी राहतं आणि मासे तिथे हिवाळा काढतात.

विज्ञान प्रदर्शनात मांडायचं असेल तर काय करावं?

तीन एकसारखी भांडी घ्या: एकात साधं पाणी, दुसऱ्यात उकळून गार केलेलं, तिसऱ्यात थोडं मीठ घातलेलं. प्रत्येक प्रकार तीनदा करा आणि नऊही आकडे मांडा, बिघडलेलेसुद्धा. बर्फ प्रदर्शनाच्या टेबलावर टिकत नाही, म्हणून सकाळच्या रेघा पट्टीसकट फोटोत घ्या. फ्रीझरचं दार उघडण्याआधी प्रत्येकाला वहीत अंदाज लिहायला सांगा: पातळी वर जाईल, खाली जाईल की तिथेच राहील, आणि किती मिलिमीटर. हे अंदाजही आकड्यांशेजारी लावा. येणारे लोक आधी तेच वाचतात आणि मग आपलाही अंदाज सांगतात.




उरलेल्या बर्फाचं काय करायचं?

वितळू द्या, पातळी पहिल्या रेघेवर आली का ते पाहा आणि मगच पाणी झाडांना घाला. मिठाचं पाणी मात्र झाडांना नको.